दोन घडींचं लाल पाणी

काकीजी जेवल्या की ताट धुऊन ते पाणी पीत. ताटात उरलेलं असं काही नसेच. तरीही चार घोट पाणी ओतायचं, बोट कडेकडेने फिरवायचं, वाटी विसळून तेही त्यातच घ्यायचं आणि डोळे मिटून पिऊन टाकायचं. मग ताट कोरड्या फडक्याने पुसून भिंतीला उभं करायचं. मी शहाद्याला त्यांच्या शेजारी राहायला गेले त्या पहिल्याच आठवड्यात हे पाहिलं आणि खरं सांगते, मला कसंसंच झालं. खरकट्यात जीव पडतात, म्हणून खरकटं उरूच द्यायचं नाही, ही जैन घरांतली रीत मी ऐकून होते. पण ऐकणं वेगळं आणि समोर बसून पाहणं वेगळं. माझा चेहरा त्यांच्या लक्षात आला असावा. "आपलंच जेवन शे, म्याडम. दुसरानं नहीं," त्या म्हणाल्या. मी काही ते पाणी कधी प्यायले नाही. मात्र तेव्हापासून ताटात चटणी वाढून घेताना माझा हात आखडतो, एवढा परिणाम झाला.

त्यांचं नाव कंचनबाई. पण गल्लीतली पोरंसोरं, भाजीवाल्या, दूधवाला, सगळे त्यांना काकीजीच म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. वय सत्तरीच्या पुढे, अंग काडीसारखं, डोक्यावरचा पदर कधी ढळलेला नाही. चालताना नजर कायम पायाशी, मुंगी चिरडू नये म्हणून. त्यामुळे रस्त्यात त्यांना कोणी हाक मारली तर आधी माणसाच्या चपला दिसत आणि चपलांवरूनच त्या माणूस ओळखत. मुलाशी मारवाडी बोलत, जैन स्थानकात साधुमहाराजांशी हिंदी, बाजारात अहिराणी. माझ्याशी सुरुवातीला फार जपून पुस्तकी मराठी बोलायच्या. मीही धुळ्याकडचीच, घरी अहिराणी बोलणारी, हे कळल्यावर त्यांनी ते पुस्तक मिटलं ते कायमचं.

मी तेव्हा ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवत होते. सकाळची पाळी. साडेबारापर्यंत घरी येऊन, काहीतरी पोटात ढकलून, मी मागच्या पडवीत चटई टाकून आडवी व्हायची. त्यांचं मागचं अंगण आणि माझी पडवी यांच्यामध्ये कमरेएवढी भिंत होती आणि तिच्या तीन-चार विटा पडून एक खिंड झाली होती. काकीजींविषयी मला जे माहीत आहे त्यातलं बरंचसं मी त्या खिंडीतून, अर्धवट झोपेत पाहिलेलं आहे. त्यामुळे क्रम थोडा मागेपुढे होईल. हे सगळं सुरू झालं तेव्हा चैत्र होता की वैशाख, ते तर मला काही केल्या आठवत नाही. शहाद्याला चैत्र आणि वैशाख सारखेच भाजतात.

तर मोनलविषयी सांगायला हवं. मोनल म्हणजे काकीजींची नात. ती सातवीत असताना तिची आई गेली, तेव्हापासून काकीजींनीच तिला वाढवलं. पुढे तिला सुरतेला दिलं. दीड वर्षात ती एक बॅग घेऊन एकटीच परत आली. का आली ते तिने आजीला सांगितलं आणि आजीने पुढे कोणाला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. तिचे वडील पारसभाऊ, बाजारात त्यांचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं जुनं दुकान. त्यांचं म्हणणं, पुढचं काय ते चार मोठी माणसं बसून ठरवतील. मोनलचं म्हणणं, ठरलेलं आहे. तिने दोंडाईचा रोडला एक गाळा घेतला, पिझ्झाचं दुकान टाकलं आणि वरच्याच खोलीत राहू लागली. दुकानात जैन पिझ्झा वेगळा मिळेल, पण इतर गिऱ्हाइकांसाठी कांदा-लसूणही शिजेल, हे कानावर आलं त्या दिवशी पारसभाऊ म्हणाले, या घराचा उंबरा आता तिने ओलांडायचा नाही.

पारसभाऊ वाईट माणूस नव्हते. तोंडून शब्द गेला की तो परत घेणं त्यांना जमत नसे, एवढंच. असे पुरुष आपल्याकडे घरोघर आहेत.

उंबरा पुढच्या दाराला होता. मागच्या दाराला नुसती फरशी होती, उंबरा नव्हताच. ही गोष्ट काकीजींच्या लक्षात यायला एक दिवसही लागला नाही. पण नुसतं 'मागून ये' म्हणणंही त्यांना जमेना. ती चोरी झाली असती. त्यांना काहीतरी खरं निमित्त हवं होतं, आणि ते मोनलनेच फोनवर बोलता बोलता दिलं. पिझ्झाच्या सॉसला ती डबाबंद टोमॅटो वापरायची. अख्खे, सोललेले, रसात बुडवलेले. सुरतेचा व्यापारी मोठमोठे डबे पाठवायचा. त्यातलं पाणी तसंच घेतलं तर पिझ्झाचा पाव भिजून लगदा होतो, म्हणून ती टोमॅटो चाळणीत निथळून घ्यायची आणि खालचं लाल पाणी मोरीत ओतून द्यायची. रोज दोन डबे.

मोरीत. रोज. काकीजींनी फोन कानापासून लांब धरून माझ्याकडे पाहिलं ते मला अजून दिसतं. ओल्या मोरीत आंबट-गोड पाणी म्हणजे किती जीवांची उत्पत्ती, आणि ती आपल्या नातीच्या हातून. त्यांनी मोनलला बजावलं की यापुढे एक थेंबही मोरीत जाता कामा नये, सगळं इकडे आणायचं, मागच्या दाराने. मी ऐकत होते. त्यांच्या आवाजात खरा धाक होता आणि चेहऱ्यावर, देव शपथ, खरा आनंद.

त्या दिवसापासून दुपारी तीनच्या सुमाराला मोनलची स्कूटी मागच्या बोळात थांबायची. पारसभाऊ जेवून आतल्या खोलीत झोपलेले असत. मोनल पितळी झाकणाची किटली घेऊन आत यायची आणि काकीजी कोनाड्यातलं रेतीचं घड्याळ उलटं करायच्या. सामायिक करायला, म्हणजे दोन घडींच्या ध्यानाला, बसताना जैन बायका असं घड्याळ समोर ठेवतात. रेती वरून खाली यायला बरोबर दोन घडी लागतात, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. काकीजींनी या लाल पाण्यालाही तोच नियम लावला. घरात आलेलं पाणी दोन घडींत संपायला हवं, नाहीतर दोष लागतो. शास्त्रात नेमकं असंच आहे का, मला ठाऊक नाही. मी एकदा शंका काढली तेव्हा त्या म्हणाल्या, तुमच्या कॉलेजात तास किती मिनिटांचा? मी म्हटलं, अठ्ठेचाळीसचा. मग झालं तर, म्हणाल्या.

आणि दोन घडी मोनलने थांबायचं, कारण किटली रिकामी करून परत न्यायची असे.

ते पाणी काकीजींनी स्वतः कधी जिभेला लावलं नाही. कोणी भरलं, कधी भरलं, किती महिने बंद होतं, कोण जाणे. बंद डब्यातलं त्यांना चालत नसे. पण आपल्याला चालत नाही म्हणून ते वाया घालवायचं, हे त्याहून चालत नसे. मग त्यांनी त्याला घरभर कामाला लावलं. तांब्याचा हंडा आधी. थोडं पाणी, चिमूटभर मीठ, चिंचेऐवजी तेच चोळायचं की काळवंडलेलं तांबं नव्या नवरीसारखं लाजून लाल व्हायचं. मग पितळेचे डबे. विळ्याचा गंज. लोखंडी कढईचा बुडाचा थर. झाडांना मात्र नाही, कारण त्यात मीठ असतं, हे त्यांनी पहिल्याच दिवशी बोट न बुडवता नुसत्या वासावरून सांगितलं. शेवटी किटली विसळलेलं पाणी गच्चीवर तापलेल्या सिमेंटवर पातळ शिंपडायचं. ते डोळ्यांदेखत सुकायचं.

यातलं निम्मं पाणी भिंतीच्या खिंडीतून माझ्याकडे यायचं, कारण माझ्या स्वयंपाकघराला कसलाही नियम नव्हता. शेवभाजीच्या रश्शाला मी ते घातलं. थालीपिठाचं पीठ भिजवलं. कढीत ताक कमी होतं तेव्हा ढकललं. एकदा मात्र शहाणपण नडलं. सकाळी घाई होती, आदल्या दिवशीचं पाणी फ्रिजमध्ये होतं. मी साध्या पाण्याऐवजी तेच तुरीच्या डाळीत घालून कुकर लावला. सहा शिट्ट्या झाल्या, आठ झाल्या. झाकण काढलं तर डाळ चण्यासारखी टणक. दुपारी मी तक्रार घेऊन खिंडीशी उभी राहिले. काकीजी तांब्याचा तपेला घासत होत्या, मोनल शेजारी बसली होती. घासता घासता त्या इतक्या हसल्या की तपेला मांडीवरून घरंगळला.

"डाय शिजी गयी का मंग आंबट टाकानं," त्या म्हणाल्या. "आधी टाकं का डाय रुसी बठस. मंग कितीबी मनाडा, ती नरम व्हत नहीं."

हे म्हणताना त्यांनी आतल्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं. मोनलनेही पाहिलं. मग काकीजींनी घरंगळलेला तपेला ओढून पुन्हा मांडीवर घेतला.

त्या दुपारी मला स्वप्नासारख्या आठवतात याला कारण आहे. घासलेली भांडी काकीजी अंगणात उन्हाकडे तोंड करून मांडायच्या, आणि त्यांची लाल-सोनेरी तिरीप माझ्या पडवीच्या छतावर येऊन हलत राहायची. लांबून साखर कारखान्याच्या मळीचा वास, जवळून टोमॅटोचा आंबूस वास, कुठेतरी कूलरची घरघर. दोघींचं मारवाडी बोलणं हळू आवाजात चाललेलं. मला त्यातलं निम्मं कळायचं, उरलेलं निम्मं मी झोपेत पुरं करून घ्यायची. कधी मोनल आजीच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेली दिसायची आणि काकीजींचा ओला, लाल बोटांचा हात तिच्या केसांना लागू नये म्हणून हवेत धरलेला असायचा. मी डोळे मिटायची. उघडायची तेव्हा रेती खाली आलेली असायची आणि अंगणात कोणी नसायचं.

मग एक मजा झाली. घरातली भांडी संपली. किती वेळा घासणार तीच ती? म्हणून काकीजींनी दुकानातली जुनी, काळी पडलेली भांडी घरी मागवायला सुरुवात केली. पारसभाऊ संध्याकाळी पोत्यात घालून आणायचे, दुसऱ्या दिवशी ती लखलखीत होऊन परत जायची. एकदा माझ्या देखत ते आईला म्हणाले, "मां, आजकाल तांबं काय चमकतं. गिऱ्हाईक हात लावून बघतं." कशाने घासतेस, हे त्यांनी विचारलं नाही. काकीजी नव्या पोत्यातली भांडी मोजू लागल्या. बापाच्या दुकानाची चमक मुलीच्या किटलीतून येत होती, आणि मला आता वाटतं, पारसभाऊंना ते ठाऊक होतं. नाहीतर शहाद्यातला कुठला व्यापारी दुपारी बरोबर तीन ते चार दार लावून झोपतो?

पण ठाऊक असणं आणि तोंडावर येणं यात फरक आहे. तो प्रसंग संगमरवराने आणला. पुढच्या दाराच्या पायरीला पारसभाऊंनी राजस्थानातून मुद्दाम पांढरा संगमरवर मागवून बसवला होता. त्याच्यावर त्यांचा फार जीव. त्यावर हळूहळू पिवळट झाक आली. काकीजींनी विचार केला, जे तांब्याला चालतं ते दगडालाही चालेल. त्यांनी लाल पाण्याचा बोळा पायरीवर ठेवला आणि सामायिकाला बसल्या. उठून पाहतात तर पिवळेपणा तिथेच आणि बोळ्याच्या जागी तळहाताएवढा आंधळा डाग. चमक पार गेलेली. संगमरवराला आंबट खातं, हे मारवाडच्या बाईला माहीत नसावं याचं मला नवल वाटलं. त्या म्हणाल्या, आमच्याकडे संगमरवर देवाच्या दारात असतो, आणि तिथे कोणी टोमॅटो घेऊन जात नाही.

संध्याकाळी पारसभाऊंनी डाग पाहिला. कशाने झाला? काकीजींनी सांगितलं, टोमॅटोच्या पाण्याने. खोटं बोलण्याचा प्रश्नच नव्हता. मग पुढचा प्रश्न येणार होता की आपल्या घरात एवढं टोमॅटोचं पाणी आलं कुठून. तो पारसभाऊंच्या ओठांवर आलेलाही मला खिडकीतून दिसला. काकीजींनी शांतपणे हात जोडले, तोंडावर बोट ठेवलं आणि मौन घेतलं. त्या वेळेपासून दुसऱ्या दिवशी सूर्योदयापर्यंत. व्रतात असलेल्या आईला कोण बोलायला लावणार? पारसभाऊ पायरीवर उभे राहिले, चपलेच्या टोकाने डागाला स्पर्श केल्यासारखं केलं आणि आत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी काकीजींचं मौन सुटलं तोवर ते दुकानात निघून गेलेले होते. तो प्रश्न पुन्हा निघाला नाही. मी काकीजींना म्हटलं, तुम्ही वकील व्हायला हव्या होतात. त्या म्हणाल्या, मौन घेणं पाप नाही. पण म्हणताना हसल्या नाहीत.

असं दोन वर्षं चाललं.

तिसऱ्या उन्हाळ्यात मोनलचं दुकान डळमळू लागलं. बस स्टँडजवळ दुसरं मोठं दुकान निघालं, काचेचं, एसीचं. लोक एकदा तिकडे जाऊन आले आणि मग मोनलकडे येऊन म्हणू लागले, तुझ्या पिझ्झाला चव कमी लागते. पाव चांगला, चीज चांगलं, सॉस फिका. मोनल मसाला वाढवून पाहायची, साखर घालून पाहायची. ती आजीच्या शेजारी बसून हे सगळं सांगायची आणि काकीजी खाली मान घालून तांबं घासत राहायच्या. एक दिवस मोनल म्हणाली, दिवाळीपर्यंत बघते, नाही जमलं तर बंद करते. पुण्याला एका मैत्रिणीचं कॅफे आहे, ती बोलावते आहे. मला भिंतीपलीकडून काकीजींचा हात थांबलेला दिसला. नंतर तो पुन्हा सुरू झाला, पण एकाच जागी.

मोनल गेल्यावर त्या खिंडीशी आल्या. नेहमी माझं भांडं घेऊन येत, आज हात रिकामे होते. त्यांनी ते भिंतीच्या विटेवर टेकवले. मग अगदी हळू म्हणाल्या, "म्याडम, माले पयलाच दिनपासून ठाऊक व्हतं."

मला काहीच कळलं नाही. काय ठाऊक होतं?

"सॉसनी चव त्या पानीमाच शे. ते पानी मंद आचवर आटवं का त्यानी चव येस. ती रोज चव अठे आनी देस आनं मी तिना भांडा घासस." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "सांगं असतं ते ती रोज उनी असती का?"

मग त्यांनी सांगितलं ते असं. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा शहाद्याच्या बाजारात टोमॅटो कवडीमोल झाला की लोक रस्त्यावर फेकून जात. सासूबाई आणि त्या पाट्याच पाट्या उचलून आणत, रस काढत आणि मोठ्या पातेल्यात दिवसभर आटवत. आटवून आटवून तो काळपट लाल, घट्ट झाला की बरणीत भरायचा. पातेल्याभर पाण्याची चव एका वाटीत येते, हे त्यांच्या हातांना पन्नास वर्षांपासून ठाऊक होतं. मोनलची किटली पहिल्यांदा उघडली तेव्हाच त्यांना कळलं होतं की पोरगी सोनं फेकते आहे. जी बाई ताटाचं पाणी वाया जाऊ देत नव्हती, तिने दोन वर्षं नातीच्या दुकानाची चव तांब्यावर चोळून संपवली. कारण ते पाणी कामाचं आहे हे सांगितलं असतं तर किटली आली नसती, आणि किटली आली नसती तर मोनल आली नसती.

मला त्यांचं सांत्वन करायला हवं होतं. मी मात्र मास्तरणीसारखी विचारून बसले, मग आता सांगणार का?

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं. मी पडवीत होते. रेतीचं घड्याळ त्यांनी त्या दिवशी उलटं केलंच नाही. मोनलला अंगणातल्या चुलीशी बसवलं, किटलीतलं पाणी कढईत ओतलं आणि आच कुठे कमी करायची, कडेला चिकटतं ते कसं खरवडून आत घ्यायचं, चमचा मागे वाट कधी ठेवायला लागतो, सगळं दाखवलं. स्वतः चाखणार नव्हत्या, म्हणून भिंतीवरून चमचा माझ्याकडे आला. मी चाखलं. काय सांगू, अख्खा उन्हाळा जिभेवर आल्यासारखं झालं. मोनलने चाखलं आणि ती आजीच्या गळ्यात पडली. तिला वाटलं, आजीला हे आजच सुचलं. काकीजींनी तिच्या पाठीवर हात फिरवला आणि काही म्हटलं नाही. या वेळी त्यांच्याकडे मौनाचं व्रतही नव्हतं.

मोनलचं दुकान सावरलं. एकदम नाही, पण आषाढ संपता संपता लोक परत येऊ लागले. आणि अर्थात, किटली यायची थांबली. ते पाणी आटायला दुपारचे दोन तास लागत आणि ढवळायला तिथे उभं राहावं लागे. दुकानात गर्दी नसे तेवढ्याच वेळात, नेमकं तीन ते पाच. मोनल फोन करायची, रोज करायची. पण काकीजींना आताशा फोन नीट ऐकू येत नसे, आणि मांडीवर डोकं काही फोनवरून ठेवता येत नाही. त्या दुपारी अंगणात येऊन बसायच्या. भांडी चिंचेने घासायच्या. माझ्या छतावर तिरीप यायची तशीच, पण आता ती पाहत मला झोप येईना. एकदा मी म्हटलं, काकीजी, तुम्हीच जा ना तिच्या दुकानात, मी रिक्षा आणते. त्या म्हणाल्या, पारसने तिला येऊ नको म्हटलंय. मी चोरून गेले तर त्याचा शब्दही मोडला आणि तोंडही लपवलं. जाईन तेव्हा त्याच्या समोरून जाईन. मला वाटलं, ही काही होणारी गोष्ट नाही.

भाद्रपदाच्या तोंडावर पर्युषण आलं. आठ दिवस काकीजी गरम पाण्यावर होत्या. शेवटच्या दिवशी संवत्सरी झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पारणं करून त्या माझ्या दारात आल्या. पांढरी साडी, चेहरा उपवासाने एवढासा झालेला. त्यांनी मला हात जोडले आणि म्हणाल्या, मिच्छामि दुक्कडम्. वर्षभरात माझ्याकडून तुझं काही वाईट झालं असेल तर ते निष्फळ होवो. संवत्सरीनंतर जैन माणूस असा दारोदार जाऊन क्षमा मागतो. लहानाने मोठ्याची, मोठ्याने लहानाचीही. मी गडबडून त्यांचे हात धरले. त्या म्हणाल्या, पायात चपला घाल आणि चल, गाडीत बस.

गाडी पारसभाऊ चालवत होते. आईला क्षमा मागायला न्यायचं म्हटल्यावर त्या दिवशी कुठला मुलगा नाही म्हणेल? त्यांनी विचारलं, कोणाकडे घेऊ. जिच्याशी वागताना माझं सगळ्यात जास्त चुकलं तिच्याकडे, काकीजी म्हणाल्या. पारसभाऊंना वाटलं असेल, कोणी जुनी नणंद-भावजय असेल. चौकात काकीजींनी डावीकडे बोट केलं. पुढे पुन्हा डावीकडे. गाडी दोंडाईचा रोडला लागली तेव्हा आरशात मला पारसभाऊंचे डोळे दिसले. त्यांना कळलं होतं. तरीही ते गाडी चालवत राहिले, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवते. दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडच्या कडेला त्यांनी गाडी थांबवली. इंजिन चालूच ठेवलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर सरळ समोर.

काकीजी उतरल्या. मी सोबत येऊ लागले तर मानेनेच नको म्हणाल्या. त्यांनी रस्ता ओलांडला, नजर पायाशी, नेहमीसारखी, आणि दुकानाच्या पायरीशी जाऊन उभ्या राहिल्या. दुकान नुकतंच उघडत होतं. आतून कांदा परतल्याचा वास आमच्यापर्यंत येत होता. आयुष्यात कांद्याच्या दारात न थांबलेली ती बाई तिथे पदर सावरून उभी होती. मोनल फडक्याला हात पुसत बाहेर आली, आजीला पाहिलं आणि वाकायला गेली. त्याआधीच काकीजींनी हात जोडले. त्यांचे ओठ हलत होते. इंजिनच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. मी काच खाली केली, तरीही नाही.

तेवढ्यात पारसभाऊंनी चावी फिरवली. इंजिन बंद झालं.

काकीजी कधी मोठ्याने बोलत नसत. त्या दिवशी बोलल्या, रस्त्याच्या या बाजूला स्पष्ट ऐकू येईल एवढं. मारवाडीत बोलत होत्या, पण मला सगळं कळलं. त्या म्हणाल्या की त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. नातीचं नुकसान होतंय हे पाहत त्या दोन वर्षं गप्प बसल्या, कारण त्यांना रोज तिचं तोंड बघायचं होतं आणि ते बघायला दुसरी वाट घरात कोणी ठेवली नव्हती. याची क्षमा त्यांना हवी होती. मोनल हसत होती की रडत होती, मला लांबून सांगता येईना. ती आजीचे जोडलेले हात सोडवायचा प्रयत्न करत होती आणि काकीजी ते सोडू देत नव्हत्या. "मिच्छामि दुक्कडम्, बेटा," त्या पुन्हा म्हणाल्या. त्यांची पाठ आमच्याकडे होती. माझी त्याच महिन्यात नंदुरबारला बदली झाली, आणि आज काकीजी म्हटलं की डोळ्यांसमोर येतात त्या अशाच, पाठमोऱ्या, नातीसमोर हात जोडून उभ्या असलेल्या.

गाडीचं पुढचं, पारसभाऊंकडचं दार उघडून बंद झाल्याचा आवाज आला. गाडीत मी एकटीच उरले होते.